ताप किती आहे? थर्मामीटरची ओळख

वर्षावासाचे तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते आणि नेमक्या त्याच महिन्यांत वस्तीत तापाचे दिवस असतात. नाल्याचे पाणी तुंबते, पिंपात आणि जुन्या टायरात डास होतात, घरटी एक तरी माणूस अंथरुणाला लागतो. दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "ताप किती होता? कधीपासून आहे?" आणि आपले उत्तर ठरलेले, "खूप होता साहेब. अंग नुसतं तव्यासारखं तापलं होतं." आता हा 'खूप' डॉक्टरांनी कागदावर कसा लिहावा? 99 ला काहींना खूप वाटते, 103 असतानाही काही मुले अंगणात खेळत असतात. औषध द्यायचे, रक्त तपासायचे की दवाखान्यात ठेवून घ्यायचे, हे ठरवताना आकडा हाताशी असेल तर डॉक्टरांचे काम सोपे होते आणि आपला पैसाही वाचतो.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही थर्मामीटरबद्दल लिहीत आहोत. तो कसा चालतो हे कळले की कसा वापरायचा हे पाठ करावे लागत नाही.

आधी हाताची गोष्ट. आई लेकराच्या कपाळाला हात लावते आणि म्हणते, ताप आहे. आईचा हात खोटा नसतो, लेकरू रोजच्यापेक्षा गरम आहे एवढे त्याला बरोबर कळते. पण किती गरम, हे त्याला सांगता येत नाही. एक प्रयोग घरी करून पाहा, मुलांना फार आवडतो. तीन भांडी घ्या. एकात सोसवेल इतके गरम पाणी, दुसऱ्यात माठातले गार पाणी, मधल्यात कोमट. उजवा हात गरम पाण्यात आणि डावा गार पाण्यात मिनिटभर धरा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. पाणी एकच, पण उजवा हात म्हणतो गार आहे, डावा म्हणतो गरम आहे. आपला हात तापमान मोजत नाही, तो आपल्या स्वतःशी तुलना करतो. भांडी घासून आलेल्या आईचा हात गार असतो, त्याला निरोगी मूलही तापलेले लागते. चुलीपुढून उठलेल्या आईला तापलेले मूल बरे वाटते. आणि ज्या आईला स्वतःलाच ताप आहे, तिच्या हाताला मुलाचा ताप कळणारच नाही.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले आहे म्हणून मान्य करू नका, स्वतः तपासून पाहा. तापाच्या बाबतीत हे तपासणे पन्नास पैशाच्या अंगाऱ्यापेक्षा फार अवघड नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा मूल दोन दिवस तापले की कोणीतरी हळूच 'नजर लागली असेल' म्हणते आणि तिसरा दिवस त्यातच जातो, हे आम्ही पाहतो. तो तिसरा दिवस कधीकधी फार महाग पडतो.

थर्मामीटरचे तत्त्व साधे आहे. पदार्थ तापला की फुगतो, थंड झाला की आक्रसतो. द्रव पदार्थ काचेपेक्षा पुष्कळ जास्त फुगतात. काचेच्या छोट्या फुग्यात द्रव भरून त्याला एक बारीक नळी जोडली की तापल्यावर जागा न पुरलेला द्रव नळीत चढतो. किती चढला ते नळीवरच्या रेघांवर वाचायचे.

हेही घरी करता येते. औषधाची दहा मिलिलिटरची स्वच्छ काचेची बाटली घ्या, रंग टाकलेले पाणी काठोकाठ भरा, झाकणाला भोक पाडून बॉलपेनची रिकामी, धुतलेली रिफील त्यात बसवा आणि फट एम-सीलने बंद करा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता बाटली गरम पाण्याच्या वाटीत ठेवा आणि नळीकडे नीट लक्ष द्या. रंगीत पाणी आधी दोन-तीन मिलिमीटर खाली उतरते, मग चढू लागते! पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. कारण असे की आधी काच तापते, बाटली किंचित मोठी होते आणि पाण्याला जागा वाढते. नंतर पाणी तापते आणि काचेला कितीतरी मागे टाकते. खऱ्या थर्मामीटरमध्येही आपल्याला दिसते ती द्रवाची वाढ वजा काचेची वाढ.

मग खऱ्या थर्मामीटरमध्ये पाणी का नसते? पाणी 0 अंशाला गोठते, 4 अंशांच्या खाली तर उलटेच वागते, थंड करू तसे फुगते, आणि काचेला चिकटून राहते. पारा काचेला चिकटत नाही, चकाकतो म्हणून चटकन दिसतो, लवकर तापतो आणि तापमानाबरोबर जवळजवळ सारख्या प्रमाणात वाढतो. ही वाढ मात्र फार थोडी आहे. एक अंश सेल्सिअसला मूळ आकारमानाच्या सुमारे साडेपाच हजाराव्या भागाइतकीच. ताप मोजण्याच्या थर्मामीटरमध्ये पारा असतो साधारण एक ग्रॅम, म्हणजे एका थेंबाइतका. त्याची एवढीशी वाढ डोळ्यांना दिसावी म्हणून नळी केसासारखी बारीक करावी लागते. एवढ्या बारीक नळीतला पारा दिसावा म्हणून थर्मामीटरची काच गोल न करता तिकोनी घडवतात. तिची पुढची कड भिंगाचे काम करते. म्हणून थर्मामीटर वाचताना तो आडवा, डोळ्यासमोर धरून बोटांत हळूहळू फिरवायचा. एका ठराविक कोनात चांदीची रेघ एकदम रुंद दिसते. तोपर्यंत 'यात पाराच नाही' म्हणून तो दुकानात परत नेऊ नका.

दुसरी गंमत फुग्याच्या अगदी वर आहे. तिथे नळी मुद्दाम चिमटलेली असते. पारा तापून फुगतो तेव्हा त्या चिमट्यातून जोराने वर जातो. थर्मामीटर काखेतून काढला की फुग्यातला पारा आक्रसतो, पण वरचा धागा त्या चिमट्यापाशी तुटतो आणि होता तिथेच थांबतो. म्हणून आपल्याला दिव्याखाली नेऊन निवांत वाचता येते. आणि म्हणूनच पुढच्या वेळी वापरण्याआधी तो झटकावा लागतो. झटकला नाही तर काल रात्रीचा थोरल्याचा ताप आज सकाळी धाकट्याच्या नावावर जमा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला उणे 10 ते 110 अंशांचा थर्मामीटर असा नसतो. त्याची नळी सरळ असते, पाण्यातून बाहेर काढताच पारा उतरू लागतो, म्हणून तो पाण्यात असतानाच वाचायचा. तो ताप मोजायला उपयोगाचा नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणताही थर्मामीटर फक्त एकाच वस्तूचे तापमान सांगतो, स्वतःच्या फुग्याचे. मुलाचे सांगत नाही, खोलीचेही सांगत नाही. फुगा ज्याला टेकला आहे त्याच्याइतका गरम व्हायला त्याला वेळ द्यावा लागतो, तोपर्यंत त्याचा आकडा अर्धवट असतो. ताप मोजण्याचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

काखेत ठेवायचा तर काख आधी कोरडी पुसा, कारण घाम फुग्याला गार करतो. फुगा कातडीला टेकला पाहिजे, मध्ये बनियन-झबल्याची घडी नको. हात छातीशी घट्ट धरून पाच मिनिटे थांबा, घड्याळ पाहून. जिभेखाली ठेवायचा तर तीन मिनिटे, तोंड मिटून, आणि चहा किंवा गार पाणी पिऊन निदान पंधरा-वीस मिनिटे झालेली असावीत, नाहीतर आपण चहाचा ताप मोजतो. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाच्या, झटका येणाऱ्या किंवा शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काचेचा थर्मामीटर कधीच ठेवू नका. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. काही जण त्यात स्वतःच्या मनाने एक मिळवून डॉक्टरांना सांगतात. तसे करू नका. आला तो आकडा सांगा आणि 'काखेत घेतला' असे सांगा.

वापरून झाल्यावर थर्मामीटर साबण आणि गार पाण्याने धुवा. उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायला गेलात तर तो फुटतो. कारण त्याची नळी 108 फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 42 सेल्सिअसला संपते. पुढे फुगणाऱ्या पाऱ्याला जायला जागाच नसते.

इथे विदर्भातल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा 45 च्या वर जातो आणि तो आकडा हवामान खात्याच्या थर्मामीटरचा असतो. तो जमिनीपासून चारेक फूट उंचावर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. आपल्या टिनाच्या छपराखाली दुपारी त्याहून गरम असते, हे सांगायला वर्तमानपत्र लागत नाही. अशा घरात फळीवर ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा कोणाच्याही काखेत न जाता शेवटच्या रेघेपर्यंत चढतो आणि चिमट्यामुळे तिथेच राहतो. संध्याकाळी तो तसाच लावला तर घरातल्या प्रत्येकाला 107 ताप! उन्हाळ्यात थर्मामीटर माठाच्या शेजारी, सावलीत ठेवा. वापरण्याआधी गार पाण्यात दोन मिनिटे बुडवून मगच झटका आणि पारा 95 च्या खाली आल्याची खात्री करा. हवामान खात्याचा दिवसाचा उच्चांक मोजणारा थर्मामीटरही असाच चिमटलेल्या नळीचा असतो. दुपारी चढलेला पारा तिथेच थांबतो, नंतर वाचतात, मग उतरवतात.

पारा उणे 39 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो आणि सुमारे 357 अंशांना उकळतो. म्हणजे भट्टीजवळच्या कामालाही तो चालतो, पण अति थंड प्रदेशात नाही. तिथे अल्कोहोलचा थर्मामीटर लागतो. अल्कोहोल उणे 114 पर्यंत गोठत नाही. मात्र 78 अंशांना उकळते, म्हणून उकळत्या पाण्यासाठी साधे अल्कोहोल निरुपयोगी. भिंतीवरच्या थर्मामीटरमधली लाल रेघ म्हणजे रंग दिलेले असेच द्रव असते, पारा लाल नसतो.

अंशांच्या दोन पट्ट्या का, हा प्रश्न विहारातल्या मुलांनी नेहमी विचारलेला. फॅरनहाइट हा डान्झिग शहरात जन्मलेला आणि नेदरलँड्समध्ये काम केलेला कारागीर-शास्त्रज्ञ. त्याने 1714 मध्ये पाऱ्याचा चांगला थर्मामीटर केला. त्याच्या पट्टीवर पाणी 32 ला गोठते आणि 212 ला उकळते. स्वीडनच्या सेल्सिअसने 1742 मध्ये शंभर अंशांची पट्टी मांडली. त्याने उकळत्या पाण्याला 0 आणि बर्फाला 100 धरले होते, नंतर ती उलटवली गेली. सेल्सिअसचा आकडा 9 ने गुणा, 5 ने भागा, 32 मिळवा, की फॅरनहाइट मिळते. 37 म्हणजे 98.6, 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. एवढे चार आकडे थर्मामीटरच्या डबीवर लिहून ठेवले तरी पुरे.

आजाऱ्याच्या उशाशी थर्मामीटर येण्यास मात्र दीडशे वर्षे गेली. पूर्वी तो फूटभर लांब असे आणि वीस मिनिटे धरावा लागे. इंग्लंडच्या डॉ. ऑलबट यांनी 1866 च्या सुमारास सहा इंचांचा, पाच मिनिटांत चालणारा थर्मामीटर तयार करवला. त्याच काळात जर्मनीच्या डॉ. वुंडरलिख यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांचा ताप मोजून 1868 मध्ये ग्रंथ लिहिला. 98.6 हा निरोगी माणसाचा आकडा त्यांच्यापासून रूढ झाला. पण तो एक सरासरी आहे, कायदा नव्हे. काही थर्मामीटरवर बाण 98.4 वर असतो, काहींवर 98.6 वर, त्यावरून भांडू नये. निरोगी माणूस पहाटे 97.5 असेल आणि संध्याकाळी 98.8, तर त्यात काही बिघडलेले नाही. वुंडरलिख यांचे खरे मोठे काम हे की त्यांनी ताप एकदा न मोजता रोज मोजला आणि त्याचा आलेख काढला. ताप कसा चढतो, कसा उतरतो, यावरून आजार ओळखू येतो हे त्यांनी दाखवले.

तेच आपण वहीच्या कागदावर करू शकतो. तारीख, वेळ, आकडा, काखेत की तोंडात, आणि तापाचे औषध किती वाजता दिले. दिवसातून तीन-चार वेळा. औषधाची वेळ लिहिणे विसरू नका, कारण पॅरासिटामॉल दिल्यावर दोन तासांनी घेतलेला 99 आणि औषधाविना आलेला 99 यांचा अर्थ वेगळा. या औषधाचे लहान मुलांचे पातळ मिश्रण वेगवेगळ्या ताकदीचे मिळते, बाटलीवर 5 मिलिलिटरला 125 किंवा 250 असे लिहिलेले असते. शेजारणीच्या बाटलीचा चमचा आपल्या बाटलीला लावू नये. मुलाच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हा कागद काय सांगू शकतो? काखेत 99.5 किंवा तोंडात 100.4 च्या वर म्हणजे ताप समजावा. रोज संध्याकाळीच थोडा ताप, 99-100, रात्री घाम, वजन उतरणे आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. हा संध्याकाळचा ताप हाताला बहुधा लागतच नाही, कामावरचा थकवा म्हणून माणूस महिनोन्महिने काढतो. हुडहुडी भरून ताप, मग घाम येऊन उतरणे आणि एक दिवसाआड पुन्हा तेच, असे दिसले तर हिवतापासाठी रक्त तपासा.

डेंग्यूचे मात्र उलटे आहे आणि ते घराघरात सांगण्यासारखे आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, थर्मामीटर 98 दाखवतो, घरचे निश्चिंत होतात. धोका बहुधा याच वेळी असतो. ताप उतरला, पण पोटात जोरात दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, रुग्ण मलूल पडतो, लघवी कमी होते, तर तासभरही न थांबता दवाखाना गाठा. आणि डेंग्यूचा संशय असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

तान्ह्या बाळाचा हिशेब सगळ्यात कडक. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप म्हणजे थेट डॉक्टर, घरगुती उपाय नाही. नवजात बाळ थंड पडणे हेही तापाइतकेच वाईट. काखेत 97.7 च्या खाली असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांना पांघरूण घाला, अंगावर पाजा, आणि बाळ गरम होत नसेल किंवा दूध ओढत नसेल तर दवाखान्यात न्या. पाऱ्याचा थर्मामीटर 94 च्या खाली वाचू शकत नाही, त्यामुळे फार थंड बाळाला तो उपयोगाचा नाही. आशाताईंच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो. बाळंतिणीच्या घरी त्या येतात तेव्हा त्यांना बाळाचे तापमान घ्यायला सांगा.

रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली. लाडका राजरत्न 1926 मध्ये न्यूमोनियाने गेला. तेव्हा या आजारावर आजची औषधे नव्हती. आता आहेत, पण वेळेवर ओळखले तरच. आणि न्यूमोनिया एकटा थर्मामीटर सांगत नाही, त्यासाठी श्वास मोजावे लागतात. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर ताप 100 असो की 104, लगेच निघा. तापाच्या कागदावर श्वासाचा आकडाही लिहा.

उन्हातला ताप वेगळा. मजुरीवरून आलेला माणूस बरळतो आहे, झोकांड्या खातो आहे आणि अंग 104 च्या पुढे आहे, तर तो उष्माघात. इथे पॅरासिटामॉल काम करत नाही. सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. काखेतला आकडा कमी आला म्हणून थांबू नका, घामेजलेली काख फसवते.

आता काचेच्या थर्मामीटरची काळी बाजू. तो फुटला की चांदीचे मणी घरभर पळतात आणि मुलांना ते खेळायला हवे असतात. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा चुकून गिळला गेला तर तो बहुतेक तसाच शौचावाटे निघून जातो. तरी काच लागलेली असू शकते, डॉक्टरांना दाखवाच. खरा धोका जमिनीवर राहिलेल्या पाऱ्याचा. तो हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो. या वाफेला वास नाही, रंग नाही आणि आपली खोली दहा बाय दहाची. मुलांना आणि गरोदर बाईला बाहेर पाठवा, दार-खिडकी उघडा. झाडू अजिबात फिरवू नका, झाडूने एका मण्याचे शंभर होतात. हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवा, पारा लागला की सोने पांढरे पडते. दोन जाड कागदांनी मणी एकमेकांकडे ढकला, जवळ आले की ते आपोआप एक होतात. टॉर्च जमिनीला तिरपा धरला की लहान कण चमकतात, ते चिकटपट्टीने उचला. सगळे घट्ट झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवा. मोरीत ओतू नका, चुलीत टाकू नका.

पाऱ्याने काय होते हे जगाला जपानच्या मिनामाता गावाने शिकवले. रासायनिक कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत आला, माशांतून कोळ्यांच्या घरात आला आणि 1956 मध्ये तो आजार उघडकीस आला. तो पारा थर्मामीटरमधल्यापेक्षा वेगळ्या, अधिक विषारी रूपात होता. पण मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून तळ्यात गेलेला पाराही चिखलातल्या जिवाणूंमुळे त्याच रूपात बदलू शकतो. त्या गावाचे नाव दिलेला आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला, भारताने तो 2018 मध्ये स्वीकारला, आणि पाऱ्याचे थर्मामीटर बनवणे थांबवणे हा त्याचाच भाग आहे. आपल्या देशातली कहाणी तामिळनाडूच्या कोडाईकनालची. तिथे अमेरिकेतून यंत्रे आणून थर्मामीटरचा कारखाना उभा राहिला होता, आधी पॉन्ड्सचा, मग हिंदुस्थान लिव्हरचा. 2001 मध्ये पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगाराच्या दुकानात सापडली आणि कारखाना बंद झाला. आपल्या प्रकृतीची हानी झाली हे कामगारांचे म्हणणे कंपनीने मान्य केले नाही, पण 2016 मध्ये 591 माजी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांशी तिला समझोता करावा लागला. पंधरा वर्षे ते लढले.

म्हणून नवीन घ्यायचा असेल तर डिजिटल घ्या. त्यात द्रव नसतो. टोकाला तापमानाप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त होऊ देणारा एक कण असतो. पण नियम तोच, तोही आपल्या टोकाचेच तापमान सांगतो, म्हणून काख कोरडी आणि हात घट्ट हवाच. 'बीप' वाजल्यावरही काखेत मिनिटभर जास्त ठेवला तर आकडा खरा येतो. नवा बरोबर आहे की नाही हे पाहायचे तर कपभर कोमट पाण्यात नव्याची आणि दवाखान्यातल्या ताईंच्या थर्मामीटरची टोके एकत्र बुडवून ढवळा, दोन्ही जवळपास सारखे दाखवतील. बॅटरी उतरली की तो चुकीचा आकडा दाखवू शकतो, पडद्यावरचे अंक फिके झाले की बदला.

घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर चांगला असेल तर लगेच फेकायची गरज नाही, डबीत घालून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फुटला किंवा नको झाला तर भंगारवाल्याला देऊ नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर 'घरगुती घातक कचरा' म्हणून वेगळा देण्यास सांगितले होते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'पारा आहे' असे लिहा आणि घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात देताना तोंडानेही सांगा. कचरा हाताने वेगळा करणारे ते हात बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतले असतात.